खिरीची पळी आणि माझ्या हातांची कातडी

माझ्या आजारपणाच्या तीन हकिगती आमच्या वसाहतीत सध्या फिरत आहेत. माझी पत्नी सांगते की मी हट्टाने नको ते अंगाला चोळले. माझा मुलगा सांगतो की मी डॉक्टरकडे जायलाच तयार नव्हतो. आणि माझा मेव्हणा रमेश सांगतो की गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारातील खीर वाढण्याच्या कामातून मी आपण होऊन बाजूला झालो. पहिल्या दोन हकिगतींत थोडेफार तथ्य आहे. तिसरीत तथ्याचा कणही नाही. ही तिसरी हकिगत खोडून काढावी म्हणून मी लिहायला बसलो आहे.

कोणी समजू नये की आजारातून उठलेला म्हातारा मवाळ होऊन सर्वांना क्षमा करत सुटला आहे. मी कोणालाही क्षमा केलेली नाही. तथापि ज्यांच्या अंगाला या शहराच्या उन्हाने, घामाने आणि धुळीने खाज सुटली आहे, आणि ज्यांच्याभोवती न मागता सल्ला देणाऱ्यांची गर्दी जमली आहे, त्यांना या लेखनाचा उपयोग व्हावा अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे. सल्ला देणाऱ्यांनीही ते वाचावे. त्यांना त्याची गरज अधिक आहे.

ट्यूब

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. तेथे यंत्रावर सतत दुधासारखे पांढरे तेलकट पाणी पडत असते आणि कामगाराचे हात दिवसभर त्यात भिजतात. त्यामुळे माझ्या हातांची कातडी पूर्वीपासूनच रुक्ष होती. मी तिची कधी तक्रार केली नाही आणि कोणापुढे कौतुकही केले नाही.

गेल्या वर्षीचा उन्हाळा मात्र वेगळा होता. इंदिरानगरातून हायवेकडे निघावे तर धूळ, धूर आणि थांबलेल्या गाड्यांची झळ एकदमच अंगावर येई. मार्च लागला तसा अंगावरचा घामही वाळेनासा झाला. कोपरांच्या खोबणीत, मनगटांवर आणि मानेमागे लाल चट्टे उठले. रात्रीचे सोडा, दिवसाढवळ्या चार माणसांत हात आवरणे कठीण झाले.

रमेश माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. तोही सातपूरला दुसऱ्या एका कारखान्यात दुरुस्ती विभागात फिटर होता. निवृत्तीनंतर तो विहाराच्या समितीत शिरला आणि तेव्हापासून त्याला सर्वच विषयांतले कळते. तो एक ट्यूब घेऊन घरी आला.

"दाजी, आमच्या सगळ्या शॉपमध्ये हेच चालायचं. चोळा बिनधास्त. दोन दिवसांत साफ."

"कसलं मलम आहे हे?"

"खाजेचं. अजून कसलं असतंय?"

त्याचे एक वाक्य खरे ठरले, हे मी नाकारत नाही. दोन दिवसांत खाज गेली. मलम थांबवल्यावर ती परतली आणि येताना अधिक मुलूख घेऊन आली. मी पुन्हा चोळले. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. हे चक्र चालू असताना कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होत गेली आणि हातांवर जागोजागी पांढुरके डाग पडले. माझ्या पत्नीने प्रथम ते डाग पाहिले आणि माझा टॉवेल वेगळ्या दांडीवर टाकला.

तेव्हा रमेशने दुसरा उपाय सांगितला. तो मी शब्दशः देतो, कारण असा उपाय आमच्यासारख्या यंत्रावर काम केलेल्या माणसांनाच सुचू शकतो.

"बेअरिंग कोरडं पडलं की आपण काय करतो, दाजी? ग्रीस! कातडीचं पण तेच आहे. जाड जेली थापा, वरून खोबरेल."

मला ते पटले. आम्ही दोघांनीही आयुष्यभर कोरड्या लोखंडाला वंगण दिले होते. मी दररोज सकाळी जाड जेली थापली, तीवर खोबरेल तेल ओतले, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला आणि स्कूटरवरून हायवेच्या धुळीत फिरलो. आता विचार करतो तेव्हा वाटते, उघड्यावर चालणाऱ्या यंत्रावर धूळ उडत असेल तर त्यावर जाड ग्रीस कोणी थापत नाही, कारण धूळ आणि ग्रीस मिळून पॉलिशपेपरचे काम करतात. हे मला ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक होते. लोखंडाच्या बाबतीत आम्ही ही चूक एकदाही केली नसती.

पौर्णिमा

आमच्या वसाहतीतील विहार पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून पौर्णिमेला खीर मी वाढतो. मोठ्या पातेल्याशी उभे राहायचे, पळी हातात धरायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या वाटीत खीर घालायची. वसाहतीतला असो की रस्त्याने जाणारा अनोळखी, सर्वांना त्याच पळीने. हे काम कोणी ठरावाने दिले नव्हते. माझ्या वडिलांच्या हातचे पाणी ज्या गावात कोणी घेत नसे, त्या गावातून आम्ही या शहरात आलो. त्या पळीबद्दल मला काय वाटत असेल ते ज्याला समजायचे त्याला समजेल.

त्या दिवशी ऊन कडक होते. गरम पातेल्याशेजारी उभा राहिल्यावर मी बाह्या वर सरसावल्या आणि चट्टे उघडे पडले. रांगेतल्या दोन बायका एकमेकींशी काही कुजबुजल्या. एकीच्या तोंडून 'महारोग' हा शब्द मी स्पष्ट ऐकला.

रमेश समितीचा बिल्ला लावून आला आणि त्याने माझ्या हातातली पळी काढून घेतली. काढून घेतली, हेच क्रियापद मी वापरतो. मी ती दिली नव्हती.

"दाजी, तुम्ही खुर्चीवर बसा जरा."

"का?"

"दमला असाल. आणि लोक... तुम्हाला कळतंय ना?"

"मला काय कळतंय ते तू सांग."

"आता पौर्णिमेच्या दिवशी वाद नको ना, दाजी."

मी खुर्चीवर बसलो. थोड्या वेळाने त्याने माझी खीर पाठवली. सर्वांना स्टीलच्या वाटीत खीर होती. माझी कागदी द्रोणात होती.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. मला जो रोग नव्हता त्याचा संशय घेतला, एवढ्यासाठी माझा राग नाही. तो रोग असता तरी माझ्यापुढे द्रोण ठेवण्याचा अधिकार विहारात कोणालाही नव्हता. तो विहार नेमका कशासाठी बांधला होता, हे समितीच्या बिल्ल्याखाली झाकले गेले होते.

मी खीर तशीच ठेवून घरी आलो. न्हाणीघरात जंतुनाशकाची बाटली होती. ते पाण्यात मिसळून वापरायचे असते हे बाटलीवर लिहिलेले आहे आणि मला वाचता येते. मी ते तसेच दोन्ही हातांवर ओतले आणि घासणीने घासले. माझी पत्नी दार वाजवत होती.

"अहो, काय करताय आत? दार उघडा!"

"स्वच्छ होतोय."

पत्नीच्या हकिगतीतला 'हट्ट' तो हाच. तिला तेवढाच दिसला. त्याआधीचे तिने सांगायचे टाळले, कारण आधीचे सांगायचे तर भावाचे नाव घ्यावे लागते.

निदान

दोनच दिवसांत हात कोपरापर्यंत सुजले, पाणी वाहू लागले आणि हुडहुडी भरून ताप आला. मुलाने रिक्षात घातले आणि दवाखान्यात दाखल केले. 'दाजींना मीच ॲडमिट केलं,' असे रमेश सांगत असतो. तो दुसऱ्या दिवशी शहाळे घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. दारात उभे राहण्याला दाखल करणे म्हणत नाहीत.

त्वचेच्या डॉक्टर बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात उजेडात धरून पाहिले आणि मुलाने पिशवीतून आणलेली ट्यूब उलटसुलट केली.

"काका, हे कोणी दिलं?"

"मेव्हण्याने."

"ते डॉक्टर आहेत?"

"फिटर."

"मग त्यांना मशीन दुरुस्त करू द्या की! यात स्टेरॉइड आहे. माझ्यासारखीनं दिलं तर मोजून, ठरावीक दिवस, आणि मी बघत असताना. हे असं महिनोन्‌महिने चोळलं की कातडीची वाट लागते."

"हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. इसब आहे हा. घाम, धूळ, मलम, आणि वरून तुम्ही ओतलेलं ते. हातानं हाताला लागत नाही."

तो क्षण मी विसरणार नाही. इतके दिवस मी ज्याची भीती कोणाला बोलून दाखवली नव्हती ती भीती माझ्या पोटातून निघून गेली आणि तिच्या जागी संताप येऊन बसला. त्याला येण्यासाठी जागा हवी होती, ती आता मिळाली.

"हे मला लिहून द्या," मी म्हणालो. "शिक्क्यासहित."

"देते. पण दाखवणार कोणाला?"

त्यांनी लेटरहेड पुढे ओढले तेव्हा मीच त्यांना थांबवले. दाखला घेऊन मी विहारात गेलो असतो तर माझा हात चालतो की नाही हे कागदावर ठरते, असे मी स्वतःच मान्य केल्यासारखे झाले असते. तो मान मी रमेशला देणार नव्हतो.

वॉर्ड

वॉर्डातली दिनचर्या कोणाला सांगण्याजोगी नसते. सकाळी सलाइन, मग ओल्या पट्ट्या, मग गोळ्या, मग नातेवाइकांची गर्दी आणि पंख्याची घरघर. पट्ट्या सोडताना कातडीही त्यांच्याबरोबर येत असे. मी ओरडलो नाही, असे मी म्हणणार नाही. पण कमी ओरडलो.

शेजारच्या खाटेवर मालेगावकडचे, अहिराणी बोलणारे एक गृहस्थ होते. पायाला जखम, साखर वाढलेली आणि तोंड अखंड चालू. पहिल्या दिवशी माझा डबा आला. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, फक्त बोटांची टोके बाहेर. मी त्या टोकांनी भाकरी कशीबशी मोडत होतो.

"भाऊ, त्यामा काय शे?"

"वांग्याची भाजी."

"मंग एकला काय खातस? माले दे ना थोडी."

मी म्हणालो, "हाताला जखमा आहेत माझ्या. नर्सला सांगतो, ती वाढेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या पायाकडे.

"तुना हात माले काय करी? मना पाय बघ! माले भूक लागनी शे."

आणि त्यांनी माझ्या बोटांतला भाकरीचा तुकडा काढून घेऊन खाल्ला. वांगे तिखट असल्याची तक्रारही केली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि बराच वेळ वळलो नाही. त्यांना वाटले मला भाजीची टीका लागली.

घर

घरी आल्यावर माझ्यात आणि पत्नीत वाद झाला. ती म्हणाली, "तुमचा हात बरा व्हावा म्हणूनच त्यानं ट्यूब दिली ना?"

"ट्यूबबद्दल मी बोलत नाही. पळीबद्दल बोलतोय."

"लहान भाऊ आहे माझा."

"मी कोण आहे तुझा?"

त्यानंतर आमचे बोलणे थांबले. पण डॉक्टरांनी मान, पाठ आणि हात यांना दोनदा लेप लावायला सांगितले होते आणि पाठीला माझे हात पोहोचत नव्हते. ती सकाळ-संध्याकाळ येई, "वळा" म्हणे, पाठीला लावी आणि जाई. पावसाळाभर आमच्या संसारात 'वळा' हा एकच शब्द होता. एके संध्याकाळी मी पाहिले की माझा टॉवेल पुन्हा तिच्या टॉवेलशेजारी वाळत होता.

मॉइश्चरायझरची निवड

आता कामाचे सांगतो. सूड घ्यायचा तर आधी कातडी बरी व्हायला हवी, आणि कातडी बरी व्हायची तर तिला रोज काय लावायचे हे ठरायला हवे. मी त्यात कसूर केली नाही.

पत्नीने प्रथम मोगऱ्याच्या वासाचे लोशन आणले. वास छान होता, तासाभरात मनगट लाल झाले. वास हाच पुष्कळ वेळा उपद्रवाचा असतो, असे डॉक्टरांनी बजावलेच होते. मग मुलाने ऑनलाइन एक परदेशी क्रीम मागवले. ते थंड देशांतल्या माणसांसाठी असावे. जुलैच्या दमटपणात ते लावल्यावर रेनकोट घालून झोपल्यासारखे वाटे, आणि त्याखाली घाम कोंडून बारीक पुरळ उठले. तेव्हा मी स्वतः कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि मला काय हवे ते सांगितले: वास नको, रंग नको, तेलकटपणा नको, पाण्यासारखे पातळ चालेल, डॉक्टरांनी सांगितलेले, ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीन आणि सेरामाइड त्यात असावे.

दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ बसलेली बाटली काढली.

"हे आहे, काका. पण याला वास नाही म्हणून कोणी घेत नाही."

"माझा नाद नको करू. दे ती."

नवी बाटली लगेच अंगभर लावायची नाही. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर काही दिवस लावून पाहायचे. जळजळ झाली नाही तर पुढे जायचे. आमच्या विभागात ग्राइंडिंगचा नवा दगड आला की तो आधी टाकाऊ लोखंडावर चालवून पाहत असू. ते शहाणपण मला स्वतःच्या कातडीसाठी इतक्या उशिरा सुचले.

लावण्याची वेळ महत्त्वाची. कोमट पाण्याने अंघोळ, सौम्य साबण तोही हवा तेथेच, पंच्याने टिपणे, घासणे नाही, आणि अंग किंचित ओले असतानाच लोशन. वाळलेल्या कातडीवर लावले तर निम्मे वाया जाते. बाहेरून, हायवेवरून, धुळीतून आलो की आधी साध्या पाण्याने हात, मान, चेहरा धुवायचा आणि मग पुन्हा पातळ हात फिरवायचा. धुळीवर लोशन चढवणे म्हणजे धुळीला घरात बिऱ्हाड देणे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पातळ लोशन. थंडीत नाशिकची हवा कोरडी होते, तेव्हा जाडसर क्रीम, आणि तेव्हा मला जाड जेलीही भेगांपुरती चालली. म्हणजे जेली वाईट नव्हती. मे महिना वाईट होता आणि सल्लागार वाईट होता.

हे माझ्या कातडीचे आहे. तुमची कातडी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मेव्हण्याला नको.

बैठक

यंदाच्या पौर्णिमेपूर्वी विहारात तयारीची बैठक झाली. दूध कोण आणणार, मंडप कोण बांधणार, हे झाल्यावर रमेश उभा राहिला.

"पळीचं म्हणाल तर मागच्या वर्षी दाजी तब्येतीमुळे आपण होऊन बाजूला झाले. यंदा पण त्यांना त्रास नको. मी बघतो."

मी उठलो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट मुद्दाम घातला होता.

"मी बाजूला झालो नव्हतो. तू पळी माझ्या हातातून घेतलीस आणि मला द्रोणात खीर पाठवलीस. हे जे बसलेत त्यांतल्या निम्म्यांनी पाहिलंय. आता तू सांग, मी बाजूला झालो का?"

मागच्या रांगेतून माझ्या पत्नीचा आवाज आला. भावाला ती चारचौघांत कधीच बोलली नव्हती.

"रम्या, खरं सांग की."

रमेशने खाली पाहिले आणि म्हणाला, "झालं असेल तसं." खाली बसताना त्याने बिल्ला सारखा केला.

पळी मला मिळाली. ती ठरावाने मिळाली याचे मला अजूनही वाईट वाटते. तिच्यासाठी ठराव कधी लागला नव्हता.

पातेल्यापाशी

पौर्णिमेच्या सकाळी मी लोशन लावले, वाळू दिले, हात धुतले आणि पातेल्याशी उभा राहिलो. रांग चांगली लांब होती. त्या दोन बायकाही आल्या. त्यांतल्या एकीने माझ्या हातांकडे पाहून म्हटले, "काका, डाग गेले की सगळे." मी तिच्या वाटीत बरोबर तेवढीच खीर घातली जेवढी सर्वांना घालत होतो. वाढप्याने न्यायाने वागावे.

रमेश रांग ओसरेपर्यंत दूर खुर्च्या लावत राहिला. शेवटी त्याच्या बहिणीनेच त्याला हाक मारली, "ये की, खीर संपेल." तो वाटी घेऊन आला. त्याच्यामागे अजून दहा-बारा माणसे होती.

मी पळी भरली आणि त्याच्या वाटीवर धरली. ओतली नाही.

"रमेश, माझा हात चालेल का तुला?"

"दाजी, काय हे आता..."

"चालेल की नाही, एवढंच विचारलं."

मागून कोणीतरी म्हणाले, "वाढा हो काका, ऊन लागतंय." मी वाढले नाही. पळी जड होती आणि हात दुखत होता, पण तो माझा हात होता आणि मला घाई नव्हती.

"चालेल," तो म्हणाला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. ती पातेल्यात पाहत होती.

"चालेल, दाजी! चालेल."

तेव्हा मी वाढले. एक पळी, आणि तिच्यावर दुसरी. वाटी काठोकाठ भरली, इतकी की एक पाऊल उचलले असते तरी सांडली असती. त्यामुळे त्याला जाता येईना. तो माझ्यासमोर, सर्वांच्या देखत, तेथेच उभा राहिला, वाटी ओठांना लावली आणि माझ्या हातची खीर प्याला.